वडिलांशी वाद घालणारी

आत्याची मुलगी कॉलेजसाठी गडहिंग्लजकडच्या गावाहून आमच्याकडे शिवाजी पेठेत राहायला आली, तेव्हा आम्ही दोघीही एकोणीस वर्षांच्या होतो. माझे वडील पेठेतले जुने कार्यकर्ते. घरातली सगळी मतं त्यांच्या पक्षाला. त्यांची वाक्यं मला लहानपणापासून पाठ. पाहुण्यांसमोर ती म्हटली की ते खूश होतात, असं मला वाटायचं.

माझ्याबरोबर तिचंही नाव त्यांनी पेठेच्या मतदार यादीत घालून घेतलं. महापालिकेच्या निवडणुकीआधी त्यांचा उमेदवार घरी चहाला आला. वडिलांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं.

"नव्या मतदार हाईत. विचारा की त्यास्नी."

मी ठरलेलं बोलले. उमेदवारानं मान डोलावली आणि पेठेतून नवा रस्ता करणार म्हणून सांगितलं. मग ती म्हणाली, "मागच्या खेपेला तुम्ही दुसऱ्या पक्षात होता न्हवं? तवा ह्याच रस्त्याला विरोध केलासा. आता का पायजे?"

तो हसण्यावारी नेत उठला. चहा तसाच राहिला.

वडील भडकले. "माझ्या घरात बसून माझ्या माणसाला बोलतीस?"

"मामा, तुमच्यावर राग न्हाय माझा. पण पटलं न्हाय तर मत कसं देऊ?"

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर तिच्यापुढं टाकला. "हे वाच. मग बोल." तिनं वाचलं आणि ती बोलली. दोघं तासभर भांडले. वडिलांचे पोहे गार झाले, आवाज चढला, आणि चेहरा असा खुलला होता की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. इतकी वर्षं मी त्यांच्याच बाजूनं बोलत आले होते. माझ्याशी ते असे पाच मिनिटंही कधी बोलले नव्हते.

मग मी पेपर लपवून ठेवायला लागले. तिच्या आधी उठायचं आणि माझ्या गादीखाली सारायचा. ती शेजाऱ्यांकडून आणून वाचायची.

एकदा जेवताना मीही धीर करून वडिलांना विरोध केला. त्यांनी घास थांबवून माझ्याकडं बघितलं. "हे तुला हिनं सांगितलंय, व्हय?" आणि उत्तर द्यायला ते तिच्याकडं वळले. खरंच तिचंच होतं ते. मान खाली घालून मी भात संपवला.

मतदानाच्या दिवशी यंत्रासमोर मी इतका वेळ उभी राहिले, की टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "ताई, दाबा की लवकर." मी दाबलं. कुणाला, ते वडिलांना सांगितलं नाही, तिलाही नाही. कुणी विचारलंही नाही.

ती आता पुण्यात नोकरी करते. दर रविवारी वडील तिला फोन लावतात आणि बाहेरच्या सोप्यात बसून मोठमोठ्यानं भांडतात. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ऐकते. परवा दोघांचंही चुकत होतं. काय चुकतंय ते मला नीट सांगता आलं असतं. मी दारापर्यंत गेले, आणि ते इतके रंगात आले होते की मी परत फिरले.