जैतुनाचं लाकूड

चाचा मूळचे रायगडकडचे. सौदीच्या उत्तरेला, अल-जौफमधल्या एका जैतुनाच्या बागेत ते बरीच वर्षं कामाला आहेत. मी इथल्याच कॉलेजात शिकतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून ते मला अर्ध्या कौतुकाने, अर्ध्या चेष्टेने 'साहेब' म्हणतात. इथली थंडी हाडात शिरते. शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर खोलीतल्या शेगडीसाठी लाकडं तोडून आणायला जातो. चाचा प्रत्येक फांदीवर आधी कोयत्याची मूठ आपटतात, आवाज ऐकतात आणि फांदी वाळलेली असेल तरच तोडतात.

गेल्या शुक्रवारी थंडीने करपलेलं एक मोठं झाड पाडायचं होतं. "तोड, आणि लाकूड तूच ने," असं बागेच्या मालकाने, त्यांच्या कफीलने, सांगितलं होतं. तेवढ्या लाकडावर चाचांचा सगळा हिवाळा निघाला असता. मी कुऱ्हाड उचलली.

"थांबा साहेब! कॉलेजात एवढी घाई शिकवतात काय?" त्यांनी बुंध्याची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं.

त्यांनी तिथूनच कफीलला फोन लावला आणि मोडक्यातोडक्या अरबीत दोन महिने मागितले. नाही फुटलं तर आपण स्वतः मुळासकट काढू, असा शब्दही दिला. कफील राजी झाला.

"पण चाचा, तुमच्या शेगडीचं काय?" मी चाचरत विचारलं.

"अजून एक गोधडी आहे रे माझ्याकडे," ते म्हणाले, आणि आमच्या पिण्याच्या पाण्याचा कॅन त्यांनी झाडाच्या आळ्यात रिकामा केला.