घरातल्या समुद्राला नारळ

माझी दाढ दुखली नसती तर आमच्या घरी समुद्र आलाच नसता.

इंदूरच्या तुकोगंजमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि ते चढेपर्यंत मला बाहेर बसवलं. समोर काचेची लांबलचक टाकी होती. आत खारं पाणी, दोन नारिंगी मासे, काही खडक, आणि एका खडकावर बशीएवढं तपकिरी काहीतरी, वाळलेल्या अळंबीसारखं. डॉक्टरीणबाई हळहळत म्हणाल्या, "प्रवाळ आहे हो ते, जिवंत. मुंबईहून मागवलं. दुकानात अंगभर फुललेलं होतं, इथे आल्यापासून बंद. दुकानदार फोनवर एकच सांगतो, पाणी हलतं ठेवा. अब पंप तो चालूच आहे ना! अजून काय हलवू?"

त्या वयात गप्प बसणं मला कमीपणाचं वाटायचं. माझं माहेर छत्रीबागेतलं. पणजोबा दरबारात होते. ते तिथे नेमकं काय करायचे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या अर्थी ते फार मोठे असणार अशी माझी पक्की समजूत होती. तर त्या पणजोबांची ही पणती अर्ध्या बधिर तोंडाने, एका बाजूने लाळ पुसत म्हणाली, "आमच्या ह्यांना द्या. ते पाण्यातले एक्सपर्ट आहेत."

आमच्या ह्यांना पोहतासुद्धा येत नव्हतं. ते मिलमध्ये विणाईच्या शेडमध्ये माग दुरुस्त करायचे, आणि मिल बंद होऊन बरेच दिवस झाले होते. सुरुवातीला त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग गल्लीतल्या. अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत त्या वर्षी एकही दार कुरकुरत नव्हतं. मग तेल घालायला काही उरलं नाही, आणि ते खाटेवर बसले ते बसलेच. बोलणं "हं" आणि "बरं" एवढ्यावर आलं. मधल्या काळात बाजारात रंगीत टीव्ही आले, नव्या नव्या गाड्या आल्या, परदेशी बिस्किटं आली. ह्यांच्यासाठी काहीच आलं नाही.

मग ठेल्यावरून टाकी आली. डॉक्टरीणबाई स्वतः मागोमाग आल्या आणि स्पष्ट बोलल्या, "दिवाळीनंतर माझं नवं क्लिनिक होतंय. तिथे भिंतभर टाकी करायची आहे. हे प्रवाळ फुलवून दाखवलंत, तर ती टाकी बांधायचं आणि सांभाळायचं काम तुमचं. नाही जमलं तर मग मला समुद्राचा नादच नको."

(आता प्रवाळ असं घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि ते बरंच आहे. तेव्हा कुणी विचारत नव्हतं.)

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाण्यातला एक्सपर्ट?"

"मी जरा वाढवून बोलले."

"जरा?" एवढंच म्हणून ते टाकीसमोर पाटावर बसले. खाटेवरून उठून पाटावर बसणं ही त्या घरात तेव्हा केवढी मोठी घटना होती, हे मला त्या वेळी कळलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, की पाटावर पाणी सांडू नका.

टाकीच्या एका कोपऱ्यात छोटा पंप होता, तो पिचकारीसारखा सरळ झोत मारायचा. ह्यांनी आधी झोत जोरात केला. प्रवाळाची पंपाकडची बाजू आक्रसली. मग झोत हळू केला, तर मागच्या बाजूला चिकट घाण साचायला लागली. लाईट गेली की पंप बंद, मग हे लोट्याने पाणी उचलून वरून सोडत बसायचे. मी म्हणायचे, "अहो, दगडाला आंघोळ किती घालाल?"

"दगड नाही ते," एकदा ते म्हणाले. "जनावर आहे. जागचं हलू शकत नाही बिचारं. खाणं पाण्यानेच आणून द्यायचं, घाणही पाण्यानेच न्यायची. पाणी हेच त्याचे हातपाय." कितीतरी महिन्यांनी एका दमात एवढं बोलले होते. आणि मी शहाणी, भाजीत मीठ कमी आहे का ते विचारत होते.

तिकडे माझ्या दिरांनी एक नोकरी बघून ठेवली होती. कपड्यांच्या नव्या शोरूममध्ये दारावरचा गार्ड. निळा ड्रेस, टोपी, शिट्टी. मी शेजारणींना 'सिक्युरिटी ऑफिसर' असं सांगूनही मोकळी झाले होते. ज्या माणसाने आयुष्यभर कापड विणणारे माग सांभाळले, त्याने दुसऱ्याच्या कापडावर पहारा करायचा. ह्यांनी "हो" म्हटलं नव्हतं, "नाही"ही म्हटलं नव्हतं. दीर म्हणाले होते, "राखीच्या दिवशी जवाब दे दादा. त्याच्यापुढे सेठ थांबणार नाही."

राखीचा दिवस म्हणजे नारळी पौर्णिमा. इंदुरात आम्ही ती नारळीभात खाऊन साजरी करतो, कारण नारळ वाहायला समुद्र कुठून आणायचा? पण त्या वर्षी माझ्या घरात समुद्र होता! एवढी संधी सोडणारी मी नव्हतेच. हे बाजारात गेलेले पाहून मी जरीची साडी नेसले, टाकीच्या काचेला बाहेरून हळदकुंकू लावलं (आत घातलं तर मासे लाल होतील, एवढी अक्कल होती), मूठभर अक्षता पाण्यात सोडल्या आणि शेंडीचा सोललेला नारळ हळूच आत ठेवला. डोळे मिटून म्हटलं, "देवा, ह्यांना नोकरी लागू दे." कुठली, ते मी देवावर सोडलं होतं.

डोळे उघडले तर हे दारात पिशवी घेऊन उभे. मागे दीर.

मी घाईघाईने नारळ काढायला हात घातला.

"थांब. हात नको लावू."

मला वाटलं आता ओरडणार. हे टाकीजवळ आले, वाकले आणि बघत राहिले. नारळ झोतासरशी एका कोपऱ्यात गेला होता आणि तिथेच काचेला टकटक करत होता. बाकीच्या पाण्याचं त्याला काही सोयरसुतकच नव्हतं. आणि अक्षता? मी सगळीकडे सोडल्या होत्या, पण त्या जमल्या होत्या एकाच जागी. प्रवाळाच्या मागे, वाळूवर, पांढरा नेटका ढीग. जणू कुणी मापाने ओतला होता.

"अजून तांदूळ दे," हे म्हणाले.

"अहो, पण..."

"दे गं."

मी डबाच दिला. चिमूट चिमूट करून हे इथे सोडत होते, तिथे सोडत होते, आणि दाणा कुठून कुठे जातो ते गुडघ्यावर बसून बघत होते. सोडलेले सगळे दाणे फिरून फिरून त्याच ढिगात. दीर म्हणाले, "दादा, पुलाव बनवतोय क्या?"

आणि हे हसले. मिल बंद झाल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. "अरे भिया, पाणी एकाच रस्त्याने चाललंय! प्रवाळ समोर मार खातंय आणि पाठीमागे उपाशी मरतंय बिचारं. जोर कमीजास्त करून काय होणार? झोत फिरला पाहिजे. मागातला धोटा कसा, इकडून तिकडे, तिकडून इकडे!"

मग ते माळ्यावर चढले. पावसाळ्यात कूलर तिथे बांधून ठेवलेला असायचा. कूलरच्या तोंडाशी पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्या सावकाश डावीउजवीकडे फिरवणारी एक इवलीशी मोटर असते. ह्यांनी ती काढली आणि टाकीच्या वर, पाण्याला लागणार नाही अशी, फळीवर बसवली. पंपाच्या तोंडाला प्लास्टिकच्या पाइपचा वळता तुकडा लावला. मोटर आणि तुकडा जोडायला दांडी हवी होती, आणि खाऱ्या पाण्याजवळ लोखंड चालणार नव्हतं. ह्यांनी माझी विणायची प्लास्टिकची सुई मागितली. त्या सुईवर एका स्वेटरची एक बाही लग्नापासून लटकत होती. मी मोठा त्याग केल्यासारखा चेहरा करून ती दिली. खरं म्हणजे सुटले.

बटण दाबलं. पाइपचं तोंड डावीकडे वळलं, जरा थबकल्यासारखं वाटलं, उजवीकडे आलं. तांदूळ सोडले. दाणे उठले, खडकाला वळसा घालून गेले, परत आले, कुठेच ढीग होईना. नारळ कोपरा सोडून टाकीभर फिरायला निघाला. मी माझ्या नवऱ्याचे हात बघत होते. ओले, सुरकुतलेले, आणि कुठेही न अडखळणारे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मी त्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. ते काम करायचे मिलमध्ये, आणि मी घरी बसून पणजोबांच्या गोष्टी सांगायचे.

"तर मग सेठला काय सांगू?" दिरांनी विचारलं.

"नाही म्हणून सांग."

"दादा, अजून ते फुललं कुठंय?"

"फुलेल."

नारळाच्या भरवशावर नोकरी सोडली म्हणून मी त्या दिवशी नारळीभातात साखर घालायची विसरले. कुणी तक्रार केली नाही.

हे रबराच्या नळीने सगळे तांदूळ ओढून काढत बसले, दाणा न दाणा. पण पुढचे काही दिवस प्रवाळ आणखीच वाईट दिसायला लागलं. अंगावर मेणासारखा पापुद्रा चढला आणि मग तो फाटून लोंबायला लागला. मी मनातल्या मनात शिट्टीवाल्या ड्रेसला इस्त्री करत होते. हे मात्र शांत. झोत आला की पापुद्र्याचा एक तुकडा सुटायचा, उलटा झोत आला की दुसरा. "कात टाकतंय," ते म्हणाले. कशावरून, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनाही बहुधा सांगता आलं नसतं.

एका सकाळी मी चहा घेऊन आले तर त्या तपकिरी बशीवर बारीक बारीक फुलं होती. शेकडो. प्रत्येकाला इवल्या पाकळ्या. पाणी इकडून आलं की सगळी तिकडे झुकत होती, पाणी परतलं की इकडे. बाजरीचं उभं शेत वाऱ्यावर हलतं ना, तसं. चहा निवला. दोघांपैकी कुणाला त्याची आठवण झाली नाही.

डॉक्टरीणबाई आल्या, पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. "सच में एक्सपर्ट आहेत हो तुमचे मिस्टर!" मी म्हटलं, "मी सांगितलंच होतं." ह्यांनी खोकून तोंड फिरवलं. दिवाळीनंतर ती भिंतभर टाकी ह्यांनीच बांधली, आणि मग रोज सकाळी डबा घेऊन कामाला जायला लागले.

चैत्रात कूलर माळ्यावरून खाली आला. सुरू केला तर हवा एकाच रेषेत, आणि मी बसले होते त्याच्या दुसऱ्या टोकाला, घाम पुसत.

"अहो, ती मोटर परत लावा की! मला हवा लागत नाहीये."

ते डबा पिशवीत ठेवत होते. "ते प्रवाळ जागचं हलू शकत नाही," ते म्हणाले. "तुला पाय आहेत. सरक."

मी सरकले.