फाळक्यामागचा वेग

माझा भाऊ राजदीप सायकलवर टांग टाकून निघाला की माजरीच्या कॉलनीतली पोरं ओरडायची, "आली रे एक्सप्रेस!" मला त्या कौतुकाचा भारी राग यायचा. गिरणीवरून दळण आणायला सांगितलं की या एक्सप्रेसचे पाय दुखायचे, आणि पहाटे उठून वरोऱ्याला जाऊन यायचं म्हटलं की एकदम बरे व्हायचे. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. जवळच्याच एका खेड्यात नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि लुनावरून जा-ये करत होते. बाबा, म्हणजे हरिदास, कोळसा खाणीत जमिनीखाली कामाला. आईला, मीराबाईला, दोनच काळज्या होत्या. बाबांचा खोकला आणि राजदीपची सायकल.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात बाबांनी त्याला समोर बसवलं. बारावीत दोनदा आपटलेल्या पोराशी जसं बोलतात तसंच ते बोलले.

"यंदाची शर्यत खेळ. नंबर आला त पुढचं पाहू. नाई आला त साइडिंगवर ठेकेदाराकडं लागाचं. मी त्याच्याशी बोलून ठेवलं आहे."

साइडिंग म्हणजे रेल्वेच्या वाघिणीत कोळसा भरायची जागा. तिथे दिवसभर काम केलेला माणूस रात्री थुंकला तरी काळं पडतं. शर्यत होती चंद्रपूरहून वरोरा आणि परत चंद्रपूर. पहिले तिघं राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार होते. राजदीपला त्या तिघांत यायचं होतं, नाहीतर सायकल भिंतीला टेकवून फावडं उचलायचं होतं. इतकं सरळ होतं ते.

त्याला शिकवणारं कोणी नव्हतं. होता तो जाहिदभाऊ, राजुऱ्याचा, कोळशाचा ट्रक चालवणारा. त्याची आणि राजदीपची ओळख रस्त्यावरच झाली. भरलेला ट्रक धावतो तेव्हा समोरचा वारा तो स्वतःच्या अंगावर घेतो, आणि त्याच्या मागे एक शांत पोकळी राहते. त्या पोकळीत सायकल घातली की पायांना काही वजनच लागत नाही, असं राजदीप सांगायचा. ट्रकच्या मागची लाकडी फळी, जिला ड्रायव्हर लोक फाळका म्हणतात, तिच्यापासून हातभर अंतर ठेवून तो मैलच्या मैल जायचा. ट्रकचे मागचे दिवे कधीच लागत नसत, म्हणून जाहिदभाऊ ब्रेक मारायच्या आधी दोनदा हॉर्न द्यायचा. पुढे त्या रस्त्यावरच्या बऱ्याच ड्रायव्हरांनी ही पद्धत उचलली. राजदीपला ते नावाने ओळखायचे.

एकदा शाळेतून येताना एक ट्रक माझ्या लुनाच्या बाजूने धडधडत गेला आणि त्याच्या शेपटीला माझा भाऊ. तोंड काळं, दात पांढरे. वर मला हात करतोय! मी घरी न जाता सरळ चहाच्या टपरीवर जाहिदभाऊला गाठलं.

"जाहिदभाऊ, माझ्या भावाचा जीव घ्याचा आहे का तुम्हाले?"

"टेन्शन नका घेऊ बाई. हॉर्न देल्याशिवाय मी ब्रेकवर पाय नाई ठेवत. पण पोरगा काय पळते! माह्या स्पीडच्या काट्यावर पन्नासच्या वर होता. इथी कोणी त्याच्या आसपास नाई."

खरं सांगते, त्या पन्नासच्या आकड्याने माझाही राग अर्धा विरघळला. आपल्या घरातलं माणूस कशात तरी पुढे आहे, हे ऐकायला कोणाला नको असतं?

शर्यतीच्या रविवारी बाबांनी रजा टाकली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाळीतले दोन सोबती घेतले. पिशवीत झेंडूचा हार होता, तो त्यांनी आईलाही दाखवला नव्हता. आम्ही चंद्रपुरात शेवटच्या रेघेजवळ उभे होतो. बाबा खोकत होते आणि दर मिनिटाला टाचा उंचावून पाहत होते. पोरं दिसली. चौघं एकदम, मान खाली घालून. राजदीप दुसरा आला. बाबांनी, ज्यांनी जन्मात त्याला जवळ घेतलं नव्हतं, धावत जाऊन त्याच्या गळ्यात हार घातला, आणि सोबती ओरडले, "जय भीम, हरिदासभाऊ!" मी रडले. लाजायचं काय त्यात.

पंचांमध्ये नागपूरचे एक म्हातारे प्रशिक्षक होते. मोटरसायकलवर मागे बसून ते शर्यत पाहत आले होते. ते हसत राजदीपजवळ आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, वरोऱ्याहून वळल्यावर तर तू पार मागे पडला होतास. समोरून वारा, आणि तू एकटा. मी म्हटलं, हा गेला. एवढं अंतर तोडलंस तरी कसं?"

ते खरोखर कौतुकानेच विचारत होते. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. राजदीप गप्प बसला असता, किंवा "जोर लावला सर" एवढं म्हणाला असता, तरी पुण्याची गाडी त्याचीच होती. पण त्याची छाती फुगली होती.

"भद्रावतीजवळ ट्रक भेटला न सर! फाळक्याच्या मांगं लागलो. ड्रायव्हर अनोळखी. हॉर्न नाई, काई नाई. तरी हातभरच्या वर अंतर सुटू देल्लं नाई. पुढची पोरं दिसली तवा सोडला त्याले."

म्हाताऱ्यांचा हात पाठीवरून खाली आला.

"वाहनाचा आडोसा घेतला की बाद करतात, हे माहीत नाही तुला?"

"आम्ही त रोजच घेतो," राजदीप म्हणाला. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

त्याला खरंच माहीत नव्हतं. आमच्या रस्त्यावर अनोळखी ट्रकमागे टिकणं ही मर्दुमकी होती. त्यासाठी डोळा लागतो, काळीज लागतं. आपली सगळ्यात मोठी करामत त्याने त्या माणसाला बक्षीस दाखवावं तशी सांगितली होती. बाबा मध्ये पडले.

"साहेब, त्यानं ट्रकले हात नाई लावला. पाय त्याचेच होते न?"

"पाय त्याचेच होते हो," म्हातारे म्हणाले, आणि त्यांनाही वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "पण वारा ट्रकने खाल्ला. बाकीच्या पोरांनी तो स्वतः खाल्ला."

चौथ्या आलेल्या पोराला बोलावून त्याचं नाव लिहून घेतलं. राजदीपने गळ्यातला हार काढला, आणि तो कुठे ठेवावा हेच त्याला कळेना. एसटीत तो हार मांडीवर घेऊन बसला होता. बाबांचे सोबती खिडकीतून बाहेर बघत होते. मला पंचांचा राग आला होता, जाहिदभाऊचा आला होता, हार आणणाऱ्या बाबांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त या खुळ्या पोराच्या तोंडाचा. गप्प बसायला काय झालं होतं?

संध्याकाळी जाहिदभाऊ आला. दारातच उभा राहिला, आत येईना. "मले कोणी सांगतलं असतं त मी त्याले जवळ येऊच देल्लं नसतं, मीराबाई," असं आईला म्हणाला. आईने त्याला चहा दिला. राजदीप त्याच्यावर रागावला नाही. तो कोणावरच रागावला नाही, आणि तेच मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. तो शेजारी येऊन बसला.

"ताई, मी फास्ट आहो का नाई?"

"आहेस न."

"तू मले ट्रकशिवाय कधी पाह्यलं?"

खरंच नव्हतं पाहिलं. घरात कोणीच पाहिलं नव्हतं.

मग त्याने दिवाळीतल्या सहलीची गोष्ट सांगितली. माजरीची सहा पोरं आलापल्लीवरून सिरोंच्याला सायकलींनी गेली होती. घरी आल्यावर त्याने फक्त सागवानाच्या डेपोचं, तेलुगू बोलणाऱ्या म्हातारीने दिलेल्या ताकाचं वर्णन केलं होतं. आता उरलेलं बाहेर आलं. आष्टीच्या पुढे कोळशाचे ट्रक नव्हते. नुसतं जंगल आणि चढउतार. आमच्या कॉलनीत पेपर टाकणारा पत्रू तिथे आपल्या साध्या, जड सायकलवर त्याच्या पुढे निघून गेला. राजदीप पोचला तेव्हा बाकीच्यांचं जेवण आटोपलं होतं. मागचं चाक घासते, असं त्याने पोरांना सांगितलं. रात्री चाक उचलून फिरवून पाहिलं, तर ते मस्त फिरत होतं.

"मले तवाच समजाले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "पण काट्यावर पन्नास होते न, ताई."

बाबांनी साइडिंगचा विषय काढला नव्हता. राजदीपनेच काढला. सोमवारपासून जातो म्हणाला, पण त्याआधी एकदा त्याला स्वतःचा वेग बघायचा होता. माझ्या लुनाला काटा होता. रविवारी पहाटे आम्ही दोघं निघालो.

"मांगंच ऱ्हाजो," त्याने मला बजावलं. "चुकूनही पुढं नको येऊ. तुह्याही आडोशाले यायचं नाई मले."

थंडी होती, आणि वारा थेट तोंडावर. तो वाकून सायकल हाणत होता, त्याच्या पाठीचे मणके बनियनमधून दिसत होते, आणि मी मागून काट्याकडे पाहत होते. काटा तिसाजवळ थरथरायचा आणि खाली यायचा. चढावर तर पार पडला. मी मनातल्या मनात त्याला ढकलत होते. एक भरलेला ट्रक आम्हाला ओलांडून गेला, ड्रायव्हरने ओळखून हॉर्नही दिला. राजदीपची सायकल क्षणभर त्या बाजूला झुकली, मग त्याने ती ओढून रस्त्याच्या कडेला घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थंडीने आलं नव्हतं.

वरोऱ्याच्या अलीकडे तो एका पुलाच्या कठड्यावर बसला. तोंडातून वाफ येत होती.

"किती होता?"

"तीसच्या खालीच," मी म्हणाले. "वारा समोरचा होता रे."

"समोरचाच असते तो," राजदीप म्हणाला, आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊन रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार होते?

सोमवारी तो साइडिंगवर लागला. काही महिने सायकल घराच्या मागे पडून होती, आईने तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या. एक दिवस गोधड्या खाली दिसल्या. पाळी संपवून, काळा चेहरा न धुताच तो निघू लागला होता, चिमूरकडच्या रस्त्याने, जिथे ट्रक जात नाहीत. परत यायचा तेव्हा पायऱ्या चढायला भिंतीचा आधार घ्यायचा. खोकायलाही लागला होता, बाबांसारखाच. मी भांडले, आई भांडली. तो ऐकून घ्यायचा आणि जायचा.

पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच शर्यतीला उतरला. येऊ नका, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. तरी मी गेले, आणि बाबाही आले, नेहमीच्या मळक्या सदऱ्यात. पहिले तिघं आले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. गर्दी पांगायला लागली. मग आणखी काही पोरं आली, आणि मग एकटाच, वाऱ्याने डोळे लाल झालेला राजदीप. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

बाबा त्याच्याजवळ गेले. सायकलींचं त्यांना अजूनही काही कळत नव्हतं.

"कितवा आला बे?"

"अकरावा."

"अकरावा म्हणजे चांगला असते का?"

राजदीप सायकलवर ओणवा होऊन धापा टाकत होता. त्याने मान वर केली.

"माह्यावाला आहे, बाबा," तो म्हणाला.