काचेबाहेरच्या बाई

तंत्रशाळेच्या कार्यशाळेत बाईंच्या हाताला तोड नव्हती. पुस्तकातल्या संमिश्र पदार्थांच्या धड्याशी त्यांनी कधीच काडीमोड घेतला होता. त्या सरळ मुलांच्या हाती फायबरचं कापड आणि वाळल्यावर कडक होणारं चिकट रेझिन देत. कापड एकटं लुळं, रेझिन एकटं ठिसूळ; दोघांचे थर नीट जमले, तर बोटभर पट्टी जडशीळ वजन पेलते. पण मुलांनी जमवेपर्यंत बाईंना कुठला धीर? "आण इकडे!" म्हणत त्या रोलर हिसकावून घेत आणि थरांत अडकलेली हवा स्वतःच दाबून काढत. पट्ट्या वजन पेलत, मुलं पास होत, बाई मान ताठ करून घरी जात.

मग बाईंची बोटं खाजू लागली, पापण्या सुजल्या. डॉक्टर म्हणाले, "रेझिनच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कायमचं." मुख्याध्यापकांनीही आडपडदा ठेवला नाही. "तुमचा हात न लागता मुलांना जमलं तर वर्ग तुमचाच. नाही तर तुम्ही कचेरीत बसा, मी दुसरं कुणी बघतो."

"बस की कचेरीत, सावलीत काम," नवरा म्हणाला. बाई त्याच्यावर फणकारल्या. खरं तर त्या घाबरल्या होत्या.

त्या काचेच्या दाराबाहेर उभ्या राहून ओरडू लागल्या. "अगं, मधून कडेकडे दाब!" हात शिवशिवत. आत मुलं आपल्या मनाचंच करत.

पट्ट्या वाळल्यावर व्हरांड्यात मुख्याध्यापकांसमोर वजनं टांगून परीक्षा झाली. पहिली अर्ध्या वजनालाच काडकन मोडली. दुसरीही. मुख्याध्यापक खाकरले. बाईंचा चेहरा पडला.

चष्मिस म्हणून चिडवली जाणारी मुलगी मात्र तुकडा डोळ्यांशी धरून बसली होती. "हे पांढरं बघा. इथे कापड भिजलंच नाही. मी कडेपासून मधे दाबत आले, म्हणून हवा मधेच कोंडली." झालं! सगळे आपापले तुकडे घेऊन तावातावाने भांडू लागले. कुणाचं रेझिन कमी, कुणाची घडी वाकडी. मग चष्मिसने विचारलं, "बाई, तुमची पट्टी मोडायची तेव्हा आत काय दिसायचं?"

"माझी कधी मोडलीच नाही गं."

"मग तुम्हाला कळायचं कसं?"

मुलं पुन्हा थर घालायला आत पळाली. कुणी त्यांच्यासाठी थांबलं नाही.

"मग बाई," मुख्याध्यापक म्हणाले, "जमलं म्हणायचं की नाही?"

बाई काचेतून आत बघत होत्या.

"जमलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच," त्या म्हणाल्या.