चूक लिहिल्याशिवाय प्रवेश नाही

भूपालअण्णा मगदूम यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. बँकेतून निवृत्त झाल्यावर साताऱ्याच्या घरी मी गच्चीत गुलाब लावले होते. कळ्या उमलण्याआधीच काळ्या पडू लागल्या, म्हणून अण्णांच्या 'गुलाबकट्टा' या इंटरनेटवरच्या मंचावर फोटो टाकून उपाय विचारला. सांगलीहून अण्णांचे उत्तर आले, "नव्या सभासदाने आधी आपली एक चूक लिहावी, असा इथला रिवाज आहे." मी फणकाऱ्याने लिहिले, "चुका करायची मला सवय नाही." त्यावर अण्णा लिहितात, "मग चूक गुलाबाची असेल. त्यालाच सभासद करून घेऊ." दोन दिवस रुसून अखेर मी कबूल केले, की रोज संध्याकाळी मी कळ्यांवरूनच पाणी ओततो. उपाय त्यातच होता.

निवृत्त होईपर्यंत अण्णा शाळेत चित्रकला शिकवत. मंचाचा खर्च ते पेन्शनीतून करत आणि तो विषय कुणाला काढू देत नसत. ते दिवस आठवले की अजून जीव सुखावतो. सकाळच्या चहाबरोबर आम्ही एकमेकांच्या चुका वाचत असू. कुणी ताजे शेण घालून मुळे जाळलेली, कुणी कलमाचा डोळा उलटा बसवलेला. आटपाडीच्या सुमनताईंची मी विशेष वाट पाहायचो. भांडी विसळलेल्या पाण्यावर त्यांनी तीस झाडे जगवली होती, आणि त्याआधी किती मारली तेही त्या मोकळेपणाने सांगत.

पुढे गर्दी वाढली. खतांच्या जाहिराती आणि सुप्रभातच्या चित्रांत नेमके प्रश्न बुडू लागले. फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, वर्षाला पाचशे रुपये फी लावा, असा ठराव मी मांडला. अण्णांच्या घरी आम्हा जुन्या सभासदांची बैठक झाली. अण्णा म्हणाले, "फी घेतली की माणूस गिऱ्हाईक हुतो. गिऱ्हाईक चूक सांगत न्हाई, तक्रार सांगतो. पण तुमी सगळे म्हणताय, तर बघूया करून."

फी लागली आणि जाहिराती थांबल्या, हे खरे. पण दोन महिन्यांत चुकाही थांबल्या. "पैसे भरलेत, उत्तर कधी?" एवढेच वाचायला मिळू लागले. सुमनताई तर गप्पच झाल्या. पाचशे रुपये जड गेले असतील, असे मी बोलून गेलो. अण्णा मला एसटीने आटपाडीला घेऊन गेले.

सुमनताईंनी फी पहिल्याच दिवशी भरली होती. "आवं अण्णा, पैशाचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "पर आता समदी पैसं भरून बसल्याली माणसं. त्यांच्यापुढं माझं अडाणीपण कसं लिवू? लाज वाटती." मला मान वर करवेना.

परतीच्या वाटेवर अण्णांनी मला एका शब्दाने टोचले नाही. दुसऱ्या दिवशी फी रद्द झाली. जाहिराती काढायला आम्ही चौघा जुन्या सभासदांनी पाळ्या लावून घेतल्या, त्या आजही चालू आहेत. आणि अण्णांनी मंचावर लिहिले, "माझी चूक: फी लावली." सुमनताई परत लिहू लागल्या. मी मात्र ती ओळ वाचून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

अण्णांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाला मी दुसरे काय देणार? तो ठराव माझा होता, चूकही माझीच होती. मंचावर लिहिले असते तर अण्णांनी चेष्टा करून ते उडवून लावले असते. छापील पुस्तकातून त्यांना ते काढता येणार नाही. अण्णांनी ठणठणीत प्रकृतीने शंभरी गाठावी आणि आमच्या चुका आम्हालाच लिहू द्याव्यात.