माझा मेल माझ्याआधी कोण वाचतं?

ग्रुपवरच्या मुरबाडकरांनो, शहापूरकरांनो, जरा ऐका.

आज मुरबाडच्या सायबर कॅफेत शिरले, तर कॅफेवाला दिनेशदादा म्हणतो, "पुण्याची नोकरी लागली ना गो? पेढे नाय आणलेस?"

मी अर्ज केल्याचं घरीसुद्धा बोलले नव्हते. इनबॉक्स उघडला. नोकरीचा मेल आलेला, पण अजून न वाचलेला!

संशय आला, म्हणून सेटिंग पाहिलं. माझा प्रत्येक मेल आपोआप दादाच्या पत्त्यावर फॉरवर्ड होत होता. खातं त्यानंच उघडून दिलेलं. विचारलं, तर म्हणतो,

"अगो, तू येतेस म्हसा गावच्या जत्रेसारखी, वर्षातून एकदा. निरोप कोण देणार? सगळ्यांचंच तसं केलंय."

सगळ्यांचं! मी माझं फॉरवर्डिंग तिथंच बंद केलं.

ही पोस्ट तुम्हालाही मेलनंच येईल. तुमचं खातं कोणी उघडून दिलं होतं?

काय दादा, वाचतोयस ना?