भाडेकरूचं लेकरू

"हिला जरा बाहेर बसवा. आपल्याला कुटुंबाविषयी बोलायचं आहे."

कोर्टातल्या मध्यस्थी करणाऱ्या मॅडम असं म्हणाल्या. अगदी गोड आवाजात. माझी श्रावणी माझ्या मांडीवर होती. आठ वर्षांची आहे. पाय चालत नाहीत, मान अजून नीट धरत नाही, बोलणं मोजक्या शब्दांचं. पंख्याकडं बघून ती हसत होती. तिचं हसणं किंकाळीसारखं मोठं असतं. लोकांना ते हसणं वाटत नाही.

कुटुंबाविषयी बोलायचं आणि कुटुंबातलं लेकरू बाहेर. आत नवरा, सासूबाई, नवऱ्याचे चुलते. माझा भाऊ मात्र जिन्यात. "इतकी गर्दी नको," म्हणून त्याला आत घेतलंच नव्हतं. मी पोरीला उचललं, त्याच्या मांडीवर देऊन आले. जाताना बघितलं, चुलत्यांनी नाकाला रुमाल लावला होता. तिची लाळ गळते, एवढंच.

आमची आणि त्यांची जात एकच. दोन्हीकडं मेंढरंच होती. माझ्या भावाकडं फुलंब्रीच्या पलीकडं अजून आहेत. नवऱ्याच्या आजोबांनी मेंढरं विकून पडेगावला जागा घेतली. तिथं घर झालं, नवरा शेंद्र्याला कंपनीत लागला. तेव्हापासून या लोकांना आमच्या अंगाचा वास यायला लागला. श्रावणी जन्मली तेव्हा रडली नाही. मेंदूला हवा कमी पडली, हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली आणि घरी येऊन म्हणाल्या, "मेंढरामागं हिंडणारीच्या पोटी दुसरं काय येणार?" स्वतः कुणाच्या पोटी आल्या ते विसरल्या.

मी ऐकून घेतलं. पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यात व्यायामाला नेत राहिले. रिक्षावाले चाचा रोज विचारायचे, "कैसी है आज हमारी बच्ची?" घरात असं कधी कुणी विचारलं नाही.

मग धाकट्या दिराची सोयरीक आली. करमाडकडचे पाहुणे, चांगले जमीनवाले. घर बघायला येणार होते. सकाळीच सासूबाई म्हणाल्या, "तू पोरीला घेऊन गच्चीवर बस. पाव्हणे गेल्यावर खाली ये."

भर उन्हाळा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी तिला घेऊन बसले. खाली अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पोह्यांचा वास वर येत होता. थोड्या वेळानं नवरा वर आला. मला वाटलं, पोरीला न्यायला आला. त्यानं पाण्याची बाटली ठेवली, खाली उतरला आणि जिन्याच्या दाराला बाहेरून कडी घातली.

श्रावणीनं बापाला बघितलं होतं. ती ओरडायला लागली. पप्पा, पप्पा. खाली बोलणं थांबलं. एका पाहुणीनं विचारलं, "वर कुणाचं लेकरू हाय?"

सासूबाई म्हणाल्या, "भाडेकरूचं हाय."

मी कठड्यापाशी उभी होते. सगळं ऐकू आलं. नवरा तिथंच होता, हातात चहाचा ट्रे घेऊन. पोरगी वरून पप्पा म्हणत होती आणि पप्पा चहा देत होता.

पाव्हणे गेल्यावर कडी निघाली, त्याच संध्याकाळी मी पोरीला घेऊन भावाकडं आले. नवऱ्यानं दावा लावला, बायको नांदायला येत नाही म्हणून. थोरली सून घरात नसली तर दिराच्या लग्नात लोक काय म्हणतील, ही सगळी काळजी. कोर्टानं आम्हाला मध्यस्थीला पाठवलं. म्हणून ही खोली, ह्या मॅडम.

मॅडम म्हणाल्या, "मुलीला बाहेरगावी चांगल्या वसतिगृहात ठेवू. तिची सोय होईल. तुम्ही घरी या. अजून वय आहे, दुसरं मूल होऊ द्या. थोडं तुम्हीही समजून घ्या ना."

मी म्हणाले, "पोरगी माझ्याबरोबर राहील. त्याशिवाय एकच मागते. लग्नाच्या पत्रिकेत खाली छापतात ना, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, आणि घरातल्या लेकरांची नावं. तिथं श्रावणीचं नाव टाका."

एवढंच. तेवढं झालं असतं तर मी गेले असते. गच्ची, कडी, सगळं गिळून गेले असते. इतकी स्वस्त झाले होते मी. आज त्याची चीड येते.

मॅडम हसल्या. "अहो, ही काय अट झाली?"

नवरा टेबलाकडं बघत म्हणाला, "पत्रिका छापून झाल्या."

"मग तिचं नाव?"

उत्तर चुलत्यांनी दिलं. "तुझ्या नणंदेच्या पोरांची टाकलीत. जागा उरली नाय."

लेकरासाठी घरात जागा नाही, खोलीत नाही, आता कागदावरही नाही. आणि सासूबाईंनी पिशवी उघडली. साडी, खण, नारळ, तांदूळ. भांडण मिटलं की सुनेची ओटी भरून घरी न्यायची, ही आमच्यातली रीत. म्हणजे घरून निघतानाच त्यांच्यापुरतं मिटलं होतं. माझं म्हणणं ऐकायचं बाकी होतं, तेवढं कुणाच्या लक्षात नव्हतं. मॅडम कौतुकानं उठून उभ्या राहिल्या.

"पदर धर," सासूबाई म्हणाल्या.

मी पिशवीत वाकून बघितलं. "पोरीला काय आणलं?"

"तिला काय कळतंय?"

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. पप्पा. येताना बघितलं होतं तिनं त्याला. परत आवाज आला, पप्पा. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. नवऱ्यानं खिशातून मोबाईल काढला आणि उगाच बघत बसला.

माझ्या आत जे काही त्या माणसासाठी उरलं होतं, ते तिथं संपलं. मी पदर कमरेला खोचला.

"मी तुमची भाडेकरीण. भाडेकरणीची ओटी भरत नसतात."

सासूबाईंच्या हातात नारळ तसाच राहिला. मॅडमचा आवाज आता गोड नव्हता. "एवढ्याशा नावासाठी संसार मोडताय तुम्ही."

"मोडू द्या," म्हणाले आणि बाहेर आले.

जमलं नाही, असं मॅडमनी कोर्टाला कळवलं. बरं झालं. त्या घरी मी नांदायला जाणार नाही. पोरीला आपली म्हणा म्हणून कुणाच्या पाया पडणार नाही. खर्च मागेन, तो तिचा हक्क आहे.

आणि लग्नाला जाईन. बोलावणं नाही, ठाऊक आहे. श्रावणीला कडेवर घेऊन मांडवात पुढं, करमाडच्या बायकांत बसेन. ती बापाला बघेल, ओरडेल. त्या विचारतील, हे लेकरू कुणाचं. मी नवऱ्याकडं बघेन. त्याला बोलायला वेळ देईन. तो नाही बोलला, तर मी उभी राहीन आणि त्याचं पूर्ण नाव घेऊन सांगेन, अक्षता हातात धरलेल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.